प्रस्तावना : चांगुलपणाच्या पुढचं शिक्षण

सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीपासून थोडं पुढे, 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' अशी पाटी असलेली एक खोली असते. मानसोपचार विभागात हीच पाटी 'समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)' अशी होते. लोक तिथे जातात ते बहुधा सहीसाठी. कुणाला बिलात सवलत हवी असते, कुणाचा योजनेचा अर्ज अडलेला असतो, कुणी बेवारस रुग्णाची नोंद करायला आलेलं असतं. आत बसलेली व्यक्ती काय शिकून तिथे आली, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. डॉक्टरची पदवी पाटीवर असते, नर्सचं शिक्षण गणवेशावरून ओळखलं जातं. समाजकार्यकर्त्याचं मात्र मन मोठं असलं की झालं, असं आपण धरून चालतो. क्लिनिकल सोशल वर्कच्या प्रशिक्षणावरचं हे पुस्तक या समजाला सविस्तर उत्तर देतं. म्हणून त्याची प्रस्तावना जरा ऐसपैस लिहितो आहे.

आधी कामाचं स्वरूप सांगायला हवं. आजार, व्यसन, मनाची पडझड, घरातली मारहाण, आत्महत्येचा प्रयत्न अशा प्रसंगी माणूस उपचाराच्या दारात येतो तेव्हा तो एकटा येत नाही. त्याच्यामागे त्याचं घर येतं, कमाई येते, कर्ज येतं, जात येते, गाव येतं. डॉक्टरकडे या सगळ्यासाठी वेळ नसतो आणि त्याचं शिक्षणही त्यासाठी झालेलं नसतं. हे मागचं सगळं पद्धतशीर समजून घ्यायचं, आजाराशी त्याचं नातं काय आहे ते ठरवायचं आणि त्यावर उपाय उभा करायचा, हे क्लिनिकल समाजकार्य. त्यात समुपदेशन आहे, कुटुंबाशी बोलणं आहे, गृहभेट आहे, तहसील कार्यालयात हेलपाटे घालणंही आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या शेजारी बसणारा हा तिसरा माणूस वेगळा ठरतो तो यामुळेच. रुग्णाच्या मनातली भीती आणि त्याच्या रेशनकार्डावरचं चुकीचं नाव, हे दोन्ही त्याच्याच कामाचे विषय असतात.

असं काम नुसतं वाचून येत नाही, हे कुणालाही पटेल. ते नुसतं करूनही येत नाही, हे पटायला जड जातं. वर्षानुवर्षं वॉर्डात काढूनही तेच ते सल्ले देत राहणारी माणसं प्रत्येक रुग्णालयात सापडतात. तालमीत एकट्यानं कितीही जोर-बैठका मारल्या तरी डाव बसतो तो वस्तादाच्या नजरेखाली. इथेही तसंच आहे. आपण रुग्णाशी काय बोललो, का बोललो, कुठे गप्प बसायला हवं होतं, हे जाणत्या माणसापुढे दर आठवड्याला मांडून तपासून घ्यावं लागतं. या तपासणीला या क्षेत्रात सुपरव्हिजन म्हणतात. माझ्या मते या शिक्षणाचा कणा तोच आहे. बाकीचा अभ्यासक्रम त्याच्याभोवती रचलेला असतो, आणि जिथे तो कणा नसतो तिथे पदवी मिळते, कार्यकर्ता घडत नाही.

या व्यवसायाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्ट्यूअर्ट यांची नेमणूक झाली. मोफत उपचारांचा गैरफायदा कोण घेतं ते शोधणं, म्हणजे दारावरची चाळणी, असं त्या नेमणुकीमागचं मुख्य कारण होतं. पण दारावर बसलेल्या माणसाला लौकरच कळतं की उपचार वाया जातात ते फुकट्यांमुळे कमी आणि उपासमारीमुळे, ओल्या खोल्यांमुळे जास्त. १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी याच जाणिवेतून समाजकार्यकर्ती नेमली. क्षयरोग्याला 'विश्रांती आणि सकस आहार' असं लिहून देणं सोपं. ते त्याच्या घरी शक्य आहे का, हे पाहणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे आयडा कॅनन यांनी तिथला विभाग बांधून काढला. १९१७ साली मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ आला आणि माणसाच्या परिस्थितीचंही निदान शिस्तीनं करता येतं, पुरावे तपासून करावं लागतं, ही गोष्ट प्रस्थापित झाली. पुढच्याच वर्षी, पहिल्या महायुद्धातून मनानं मोडून परतणाऱ्या सैनिकांसाठी, अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात मनोविकार समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. उन्हाळ्यात वर्ग आणि नंतरचे महिने रुग्णालयात देखरेखीखाली काम, अशी त्याची रचना होती. देखरेख या शिक्षणात अशी पहिल्या दिवसापासून आहे.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात मुंबईतल्या नागपाड्यात झाली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट तिथे नेबरहूड हाउस चालवत. गिरण्या, गोदी आणि दाटीवाटीच्या चाळी यांच्या मधोमध ते केंद्र होतं. टाटा ट्रस्टच्या पाठबळावर १९३६ साली तिथेच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये त्याचं नाव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झालं, १९५४ मध्ये संस्था देवनारला गेली. संस्था सुरू झाल्यावर वर्षभरातच, १९३७ मध्ये, तिथे बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. शाळेत न टिकणारी, अंथरूण ओलं करणारी, चोऱ्या करणारी मुलं तिथे आणली जात. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी एकाच मुलाकडे मिळून पाहायचं, ही पद्धत तिथे रुजली. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. १९४८ च्या सुमारास टाटा संस्थेत वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा स्वतंत्र विशेष विषय झाला. गौरी राणी बॅनर्जी यांचं नाव त्या विभागाशी कायमचं जोडलं गेलं. मग १९५५ मध्ये निर्मला निकेतन, १९६३ मध्ये पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात मातृ सेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय अशी साखळी तयार झाली. थोडक्यात, भारतात हा व्यवसाय महाराष्ट्राच्या मातीत उगवला. म्हणूनच त्याबद्दलचं आपलं अज्ञान जास्त खटकतं.

आज या वाटेनं जाणारा विद्यार्थी प्रथम एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करतो. दोन वर्षं, चार सत्रं. वर्गात मानवी वाढ व विकास, मनोविकारांची ओळख, व्यक्तिसहाय कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन, कायदे हे विषय असतात. पण आठवड्यातले साधारण दोन दिवस वर्ग नसतो, फील्डवर्क असतं. एखादं रुग्णालय, व्यसनमुक्ती केंद्र, बालगृह, वस्ती. त्याशिवाय ग्रामीण शिबिर आणि शेवटी महिनाभराचं सलग काम, ज्याला ब्लॉक प्लेसमेंट म्हणतात. बाहेरच्यांना हे दोन दिवस म्हणजे थोडा मोकळेपणा वाटतो. प्रत्यक्षात सगळा कस तिथेच लागतो, कारण फील्डवर्क संपल्यावर रात्री रेकॉर्डिंग लिहायचं असतं.

रेकॉर्डिंग हा प्रकार समजून घेण्याजोगा आहे. मुलाखतीत मी काय विचारलं, पेशंट काय म्हणाला, त्याचे हात काय करत होते, मला त्या क्षणी काय वाटलं आणि मी पुढचा प्रश्न तोच का विचारला, हे सगळं ओळीनं उतरवायचं. नवखा विद्यार्थी लिहितो, 'रुग्णाला व्यसनाचे दुष्परिणाम समजावून सांगितले. त्याला ते पटले.' सुपरवायझर पेन्सिलीनं खूण करून विचारतात : पटलं हे कशावरून? तो 'हो मॅडम' म्हणाला म्हणून? या एका प्रश्नावर पाऊण तास चर्चा होते. या आठवडी बैठकीला विद्यार्थी आयसी म्हणतात, म्हणजे एकट्याची चर्चा. सगळ्या गटाची ती जीसी. आयसीला जाताना पोटात गोळा येतो, असं या शिक्षणातून गेलेली बहुतेक माणसं सांगतात. तो यायलाच हवा. आपलं बोलणं दुसऱ्यानं शब्दाशब्दानं तपासण्याची सवय आपल्याकडे कुठल्याच शिक्षणात नाही.

या तपासणीतून हाती काय लागतं ते एका कल्पित, पण रोज घडणाऱ्या उदाहरणावरून पाहू. तेवीस वर्षांचा एक मुलगा स्किझोफ्रेनियासाठी दुसऱ्यांदा भरती झाला आहे. केसपेपरवर लिहिलं आहे, 'औषधं बंद केली.' विद्यार्थी विचारतो, 'गोळ्या का नाही घेतल्या?' मुलगा मान खाली घालतो. सोबत आलेले मामा त्याच्याऐवजी उत्तर देतात, 'आळशी आहे तो.' आई ताकास तूर लागू देत नाही. पहिली मुलाखत इथेच संपते. सुपरवायझर सांगतात की 'का' असं विचारलं की माणूस कोर्टात उभा राहिल्यासारखा होतो. त्याऐवजी त्याचा दिवस विचार. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत. मग कळतं की तो रात्रपाळीचा वॉचमन आहे आणि गोळीनं डुलकी येते. एकदा झोपलेला सापडला तेव्हा पगार कापला गेला. गृहभेटीत दुसरी गोष्ट उघडी पडते. घरात त्याच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, पाहुण्यांना गोळ्यांची पाकिटं दिसू नयेत म्हणून आई ती लपवते. तिसरी गोष्ट बसच्या तिकिटात आहे : औषधांसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचं तर मुलाचा आणि आईचा, दोघांचा रोज बुडतो.

'औषधं बंद केली' या तीन शब्दांमागे तीन निरनिराळी कारणं निघाली आणि तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत. पहिल्यासाठी डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ किंवा गोळीच बदलता येते का पाहायचं, मालकाशी दिवसपाळीबद्दल बोलायचं, पण तेही मुलाच्या संमतीनं, कारण आजार उघड करायचा की नाही हे त्यानं ठरवायचं. दुसऱ्यासाठी आईशी अनेकदा बसावं लागेल. लपवून केलेलं लग्न दोन घरांना महाग पडतं हे तिला ठाऊक असतं, तिची भीती मात्र ऐकून घेतलेली नसते. तिसऱ्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी येतं हे माहीत असावं लागतं, अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राची वाट माहीत असावी लागते, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे निकष माहीत असावे लागतात. यातली एकही गोष्ट केवळ कनवाळूपणानं साधत नाही. उलट कनवाळू माणूस पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात शंभराची नोट ठेवतो आणि आपलं कर्तव्य झालं असं मानतो.

याच शिक्षणाचा दुसरा, अवघड भाग विद्यार्थ्याच्या स्वतःकडे वळतो. दारुड्या बापाच्या घरात वाढलेली मुलगी व्यसनमुक्ती केंद्रात फील्डवर्कला जाते तेव्हा ती समोरच्या पेशंटशी बोलते आहे की बापाशी, हे तिला एकटीला कळणं कठीण. गृहभेटीत चहाच्या आधी 'आडनाव काय तुमचं?' असा प्रश्न येतो आणि उत्तर ऐकून घराचा चेहरा बदलतो, हे आपल्याकडच्या किती तरी विद्यार्थ्यांनी अनुभवलं आहे. परदेशी क्रमिक पुस्तकांत याचं उत्तर नाही. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली मांडलेली व्यक्तिसहाय कार्याची सात तत्त्वं, त्यात माणसाला जसा आहे तसा स्वीकारणं, निवाडा न करणं, गुप्तता पाळणं ही आलीच, सगळ्यांना पाठ असतात. पण अपमान करणाऱ्या घरात ती कशी पाळायची, आणि कुठल्या टप्प्यावर उठून यायचं, हे सुपरवायझरजवळच बोलता येतं. हे बोलायला जागा नसली की विद्यार्थी एक तर कोडगा होतो किंवा क्षेत्र सोडतो. त्याला थकवा म्हणून आपण मोकळे होतो.

कुटुंबाशी काम ही या शिक्षणातली भारतीय भर आहे आणि तिचा उचित मान राखला पाहिजे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. घरची माणसं उपचारात सामील झाली की रुग्ण लवकर घरी जातो, हे त्यातून दिसलं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पाहिलं, किंवा ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था पाहिली, तरी पत्नी, आई-वडील, भावंडं यांना उपचाराबाहेर न ठेवण्याचा हाच विचार दिसतो. मात्र कुटुंब नेहमीच औषध असतं असं नाही; काही वेळा तेच दुखणं असतं. मामांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याशी बोलणं, आणि तरी मामांना परकं न करणं, हे कसब आपल्याकडे जितकं लागतं तितकं इतर कुठे क्वचित लागत असेल.

घरची माणसं नसतात तिथे काय होतं याचीही आठवण ठेवायला हवी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत आणि २८ जणांचा जीव गेला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्यानं रुग्णाला हक्कधारक मानलं. आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क, आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क, समाजात राहण्याचा हक्क. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत द्यावी, असं कलम ११५ सांगतं. हे हक्क कागदावरून वॉर्डात आणायचे तर रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणारा, नातेवाइकांना शोधणारा, बरा झालेल्या माणसासाठी बाहेर जागा तयार करणारा कुणी तरी हवा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या आपल्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत हे काम ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांच्या प्रशिक्षणावर या कायद्याचं यश अवलंबून आहे.

या शाखेवर एक जुना आक्षेप आहे आणि तो दडवण्यात अर्थ नाही. व्यवस्था माणसाला मोडते, तुम्ही त्याच्या मनाला मलमपट्टी करून त्याला त्याच व्यवस्थेत परत पाठवता, असं समाजकार्यातलेच अनेक जण म्हणतात. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला समुपदेशन कशाला, कर्जमाफी द्या, हा त्याचा आपल्याकडचा अवतार. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचं उत्तर कामातूनच मिळालेलं आहे. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. 'जिन्यावरून पडले', 'चुकून फिनेल प्यायले' असं सांगत अपघात विभागात येणाऱ्या बायकांकडे तिथे वेगळ्या नजरेनं पाहिलं जाऊ लागलं. अशा बाईशी एकांतात बोलणं, जिवाला धोका किती आहे ते ठरवणं, पोलीस आणि वकील यांच्यापर्यंत नेणं, आणि त्याच वेळी डॉक्टर-नर्स यांना मारहाण ओळखायला शिकवणं, असं दुहेरी काम उभं राहिलं. पुढे हे प्रारूप इतर रुग्णालयांत गेलं. एका बाईचं ऐकता ऐकता रुग्णालयाची पद्धत बदलली. ज्याला ऐकायचं शिक्षण आहे आणि व्यवस्थाही कळते, तोच हे करू शकतो. शेतकऱ्याला कर्जमाफी हवीच. पण आज रात्री त्याच्या मनात काय चाललं आहे हे सरळ विचारण्याचं धैर्य आणि रीतही कुणाला तरी यायला हवी. आत्महत्येबद्दल विचारलं तर ती कल्पना डोक्यात भरते, हा गैरसमज आहे. विचारल्यानं माणूस मोकळा होतो, हे या प्रशिक्षणात पहिल्यांदा शिकवलं जातं.

आता पदवी आणि नोकरी यांविषयी, कारण वाचक बहुधा तरुण असणार. एमएसडब्ल्यूनंतर रुग्णालयं, कर्करोग आणि डायलिसिस विभाग, एचआयव्हीची एआरटी केंद्रं, अवयवदान समन्वय, बालसंरक्षण, व्यसनमुक्ती, धर्मादाय रुग्णालयांतलं काम अशा वाटा खुल्या होतात. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. ही तरतूद गरजू रुग्णापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी बहुतेक वेळा तिथल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्यावर असते. मनोविकारांच्या क्षेत्रात पुढे जायचं तर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. ही आजवरची वाट. बंगळुरूच्या निम्हान्सची मूळ संस्था असलेल्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये १९६८ साली पदविका सुरू झाली, तिचं पुढे एम.फिल. झालं, रांची आणि तेजपूर ही आणखी नावाजलेली केंद्रं. वॉर्डात रोजची पोस्टिंग, प्रत्येक केस वरिष्ठांपुढे मांडणं, प्रबंध, अशी ही कसदार दोन वर्षं असतात. २०१७ च्या कायद्यानं मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्याच समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह असलेलं दोन वर्षांचं एम.फिल. अशी केली.

गंमत अशी, की नव्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. विद्यापीठ अनुदान आयोगानं जानेवारी २०२४ मध्ये चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती तिला २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ दिली. कायदा एक पदवी मागतो आणि विद्यापीठव्यवस्था तीच बंद करते, हा घोळ निस्तरताना पदवीचं नाव काहीही ठेवलं तरी चालेल. व्याख्येतले 'देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण' हे शब्द मात्र गळता कामा नयेत. अमेरिकेत पदव्युत्तर पदवीनंतरही स्वतंत्र परवान्यासाठी बहुतेक राज्यांत साधारण दोन वर्षांचं, हजारो तासांचं देखरेखीखालचं काम दाखवावं लागतं आणि मगच परीक्षा देता येते. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यानं क्लिनिकल, मनोविकार आणि वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतलं आहे. नोंदणी आणि दर्जा ठरवण्याची ही पहिली खरी संधी आहे. नोंदणीसाठी नुसत्या गुणपत्रिका मोजल्या तर ती वाया जाईल.

गरज किती आहे हे सांगायला एकच आकडा पुरे. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांसाठी उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आढळलं. एवढी मोठी दरी एकट्या मानसोपचारतज्ज्ञांच्या बळावर भरून निघणार नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून फोन घेतले जातात. जिल्हा कार्यक्रमाच्या पथकात समाजकार्यकर्त्याचं पद आहे. पण ही पदं पुष्कळदा कंत्राटी असतात, आणि एका माणसाच्या माथी आख्खा जिल्हा, वर अहवालांचे तक्ते. त्याचं काम तपासणारं, त्याला ऐकून घेणारं वरिष्ठ माणूस शंभर किलोमीटरच्या आत नसतं. शिक्षणात ज्या गोष्टीला आपण कणा म्हटलं, ती नोकरीत पहिल्याच दिवशी निखळते. पगार वाढायला हवेतच. त्यांच्याइतकीच निकड आहे ती प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याला महिन्यातून दोनदा तरी सुपरव्हिजन मिळण्याची, आणि त्याला फार मोठा खर्चही येत नाही.

या पुस्तकाची मांडणी याच गरजेतून झालेली दिसते. मुलाखत, गृहभेट, कुटुंबाचा आराखडा, जोखमीचं मूल्यमापन, नोंदी, कायदे, रुग्णाला घरी पाठवतानाची तयारी असे कामाच्या क्रमानंच विषय येतात. समाजकार्याचं मराठीतलं क्रमिक लेखन बरंचसं व्याख्या आणि तत्त्वं यांच्या याद्यांत अडकलेलं आहे. परीक्षेला ते चालतं, वॉर्डात उपयोगी पडत नाही. इथे पेशंट वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत बोलतात आणि त्यांचं बोलणं टिपणात तसंच उतरवलेलं आहे. अध्यापकांनी हे प्रकरणवार शिकवू नये. एकेक प्रसंग गटात वाचून त्यावर भांडावं. डॉक्टर आणि नर्स यांनीही ते चाळावं, म्हणजे रुग्णाला 'त्या खोलीत जा' असं सांगताना तो कशासाठी पाठवायचा हे त्यांना कळेल.

विद्यार्थ्यांना मात्र एक सांगणं आहे. या शिक्षणासाठी संस्था निवडताना इमारत, वसतिगृह आणि नोकऱ्यांचे आकडे जरूर पाहा. पण प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या प्राध्यापकांना विचारा, की दर आठवड्याला माझं रेकॉर्डिंग कोण वाचणार आणि त्यावर माझ्याशी किती वेळ बोलणार? ज्या ठिकाणी या प्रश्नाचं नावानिशी आणि वेळेनिशी उत्तर मिळेल, तिथेच प्रवेश घ्या.